बिग एंड बेअरिंग गेल्यावर इंजिनाचं नेमकं किती बिघडलंय, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: गाडी चालत असताना इंजिनातून ठोके यायला लागले, काही अंतर तशीच चालवली, मग ऑइलचा लाल दिवा लागला आणि गाडी बंद केली. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बिग एंड, म्हणजे क्रँककडच्या मोठ्या टोकाचं, बेअरिंग पार घासलेलं निघालं. एक मेकॅनिक म्हणतो, क्रँक जागेवरच पट्टीनं पॉलिश करतो आणि नवे शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या, टाकतो. दुसरा म्हणतो, इंजिन भंगारात काढा. ऐकायचं कुणाचं?

आत्ता तरी कुणाचंच नाही, कारण दोघांनीही अजून काही मोजलेलं नाही. तुटलेला शेल बदलणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. खरा प्रश्न वेगळा आहे: शेलवरून जो धातू निघाला तो गेला कुठे? तो तेलात मिसळला, आणि तेल इंजिनात जिथं जिथं पोचतं तिथं तो पोचलेला असू शकतो. म्हणून तपासणी खराब झालेल्या बेअरिंगपासून सुरू करायची आणि तेलाच्या वाटेनं पुढं सरकायचं. जिथपर्यंत धातू सापडेल तिथपर्यंत इंजिन खोलावं लागेल. जिथं सापडणं थांबेल तिथं तुम्हीही थांबू शकता.

त्याआधी एक गोष्ट. 'एकदा आवाज ऐकून बघू' म्हणून इंजिन पुन्हा सुरू करू नका. बेअरिंगमधली मोकळीक दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाला त्यातून वाहून जाणारं तेल जवळपास आठपट होतं. म्हणजे एक बेअरिंग ढिलं झालं की बाकीच्यांच्या वाट्याचं तेलही तिथूनच निसटतं. लाल दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत साधारण ०.३ ते ०.५ बारला दिवा लावतो. दिवा लागला म्हणजे दाब 'थोडा कमी' झालेला नसतो, जवळपास संपलेला असतो. त्या अवस्थेत इंजिन किती वेळ फिरलं, हे मालकाला खोदून विचारा. पुढच्या सगळ्या तपासणीत काय निघेल याचा अंदाज त्या उत्तरावरून येतो.

ज्यांनी अजून काहीच खोललेलं नाही त्यांच्यासाठी आवाजाबद्दल दोन वाक्यं. रॉडचा ठोका जाड आणि खोल असतो, इंजिन गरम झाल्यावर वाढतो, रेस देऊन सोडताना जास्त स्पष्ट होतो आणि त्या सिलिंडरचा स्पार्क किंवा इंजेक्टर बंद केला की बदलतो. वरून येणारी बारीक टकटक टॅपेटची असू शकते आणि थंड असतानाच वाजणारा आवाज पिस्टनचा. पण शंका खरी असेल तर कानावर विसंबून राहू नका, फिल्टर कापा.

ऑइल फिल्टर हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात प्रामाणिक साक्षीदार आहे, आणि तोच सगळ्यात आधी कचऱ्यात जातो. तो जपून ठेवा. हॅकसॉनं कापू नका. करवतीचा कीस आत पडला की फिल्टरमधला धातू कुठला आणि ब्लेडचा कुठला हे कळणार नाही. फिल्टर कटरनं गोल कापा, कागदाच्या घड्या सुट्या करा, व्हाइसमध्ये दाबून तेल काढा आणि उन्हात पसरून बघा. मग वरून चुंबक फिरवा. बेअरिंगचं अस्तर चुंबकाला लागत नाही. तांबूस किंवा चंदेरी चकाकणारे पापुद्रे तसेच राहिले तर ते बेअरिंगचे. चुंबकाला चिकटलेले कण शेलच्या स्टीलच्या पाठीचे, क्रँकचे, चेनचे किंवा पंपाचे असू शकतात. चंदेरी, हलके, चुंबकाला न लागणारे कण पिस्टनचेही असतात, म्हणून केवळ रंगावरून निकाल देऊ नका. चार-दोन चकाकते ठिपके जुन्या इंजिनात असतातच. घडीघडीत चमकी भरलेली असेल, तर मात्र फिल्टर तुंबून त्याचा बायपास उघडला होता असंच धरून चाला. हा बायपास साधारण एक बारच्या आसपास दाबाचा फरक पडला की उघडतो आणि त्यानंतर तेल गाळलं न जाता थेट गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत, जातं. तो एकदा उघडला की 'फिल्टर होता ना, मग वर कसं जाईल' या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

आता चेंबर आणि स्ट्रेनर, म्हणजे पंप जिथून तेल ओढतो तिथली जाळी. तळातला गाळ फडक्यानं पुसून टाकण्याआधी त्याचा फोटो काढा. शेलचे मोठे तुकडे जाळीपाशी थांबलेले असतात, कारण जाळी तेवढंच अडवते. बारीक दळलेला धातू जाळीतून सरळ पंपात जातो. याच वेळी स्ट्रेनरमध्ये आणखी काय आहे तेही पाहा. चेंबर आधी कुणी बसवताना सीलंट सढळ हातानं लावला असेल, तर त्याच्या रबरी दोऱ्या जाळीवर सापडतात, आणि बेअरिंग का गेलं याचं उत्तर तिथंच मिळतं. स्ट्रेनरच्या नळीचा ओ-रिंग कडक होऊन चिरला असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं, कारण नळी काढताना जुना ओ-रिंग नकळत फेकला जातो.

यानंतर सगळ्या रॉडच्या आणि सगळ्या मेनच्या (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो त्या बेअरिंगच्या) कॅप उघडायच्या. फक्त तिसरी नाही. प्रत्येक शेलवर मागच्या बाजूला मार्करनं नंबर आणि वरचा-खालचा लिहा आणि एका कापडावर क्रमानं मांडा. गेलेला शेल फारसं काही सांगत नाही, तो पार मेलेला असतो. शेजारचे, अर्धे बिघडलेले शेल बोलतात.

ते वाचायचे कसे? बहुतेक ट्रायमेटल शेलमध्ये स्टीलची पाठ, त्यावर तांबे-शिशाचा थर, मग निकेलचा अगदी पातळ थर आणि सगळ्यात वर साधारण १५ ते २५ मायक्रॉनचं मऊ आवरण असतं. करडा पृष्ठभाग मधेच तांबूस दिसायला लागला, म्हणजे वरचं आवरण संपलं. अॅल्युमिनियमच्या शेलमध्ये तांबं नसतंच, तेव्हा 'तांबं दिसत नाही म्हणजे ठीक आहे' असं म्हणू नका. तिथं पृष्ठभाग पुसल्यासारखा, ओढल्यासारखा झालाय का ते पाहायचं. शेल मधोमध घासून काळपट-निळसर झालेला असेल तर तेल कमी पडलं. गोलाकार चरे आणि आत रुतलेले कण असतील तर घाण आली. एका शेलची डावी कड आणि जोडीच्या शेलची उजवी कड घासलेली असेल तर रॉड वाकलाय किंवा पिळलाय. अस्तराचे लहान तुकडे निघून खड्डे पडले असतील तर तो थकवा आहे, म्हणजे जास्त ताण, नॉकिंग किंवा आगाऊ स्पार्क. शेलची पाठ चकचकीत घासलेली असेल तर तो जागेवर हलत होता, म्हणजे रॉडचा गाळा (शेल बसतो ते गोल भोक) मोठा झालाय किंवा कॅप नीट आवळलेली नव्हती.

वरच्या आणि खालच्या शेलमधला फरकही लक्षात घ्या. रॉडकडचा शेल ज्वलनाचा धक्का झेलतो, कॅपकडचा शेल पिस्टन वर जाऊन परत फिरताना बसणारा ताण झेलतो. अनेक टर्बो डिझेल इंजिनांत रॉडकडचा शेल वेगळा, जास्त कठीण लेपाचा असतो. मागच्या दुरुस्तीत कुणी ते उलटसुलट बसवले असतील तर बिघाडाचं कारण कागदावर शोधायची गरज नाही.

मेनचे शेल चांगले असतील तर हायसं वाटतं, पण लगेच निर्धास्त होऊ नका. तेल गॅलरीतून आधी मेनला येतं आणि तिथून क्रँकच्या आतल्या छिद्रांतून रॉडच्या पिनला, म्हणजे क्रँकच्या ज्या गोल भागावर रॉड बसतो तिथं, जातं. रॉडचं बेअरिंग गेलं तर त्याचा कचरा त्याच छिद्रातून उलटा मेनला जात नाही. तो चेंबरमध्ये पडतो आणि पंप-फिल्टरचा फेरा पूर्ण करूनच मेनपाशी येतो. म्हणून मेनच्या शेलवर ताजे चरे दिसले, तर धातू संपूर्ण फेरा मारून आला आणि फिल्टरनं तो अडवला नाही, एवढं सिद्ध होतं. मेन स्वच्छ आणि फिल्टरही जवळपास स्वच्छ असेल, तर बिघाड लवकर सापडला. या दोन्हींचा मेळ बसत नसेल, समजा मेनवर चरे पण फिल्टर स्वच्छ, तर शेवटची सर्व्हिस कधी झाली आणि बिघाडानंतर कुणी फिल्टर बदललाय का ते विचारा.

आता क्रँक. इथं हात, डोळे आणि अनुभव बाजूला ठेवायचे आणि मायक्रोमीटर घ्यायचा. पण आधी पिन साफ करा. वितळलेलं अस्तर पिनेवर थापलं जातं आणि पिन खोल खरवडल्यासारखी दिसते. बारीक पॉलिश पेपरनं ते थर काढले की कधीकधी खालची पिन बरीच बरी निघते, कधीकधी उलटंही होतं. मग दोन्ही कडांपाशी आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात अशी मापं घ्या. गोलाई आणि टेपर (एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाडी बदलणं) दोन्हींत सहसा ०.००५ ते ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यायची. लहान इंजिनांत बेअरिंगची एकूण मोकळीक साधारण ०.०२ ते ०.०६ मिमी असते हे लक्षात घेतलं, तर 'नखाला लागत नाही, चालेल' हे वाक्य किती पोकळ आहे ते कळतं. नख ०.०२ मिमीची लंबगोलाई सांगू शकत नाही. ते फक्त चरे सांगतं. चऱ्यांसाठी तांब्याचा तुकडा पिनेवर घासून बघा. तांब्याची रेघ उमटली तर पृष्ठभाग नव्या शेलसाठी खडबडीत आहे.

पिन निळी पडली असेल तर ती साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली होती. पिवळसर छटा त्याहून कमी तापमानाची. निळ्या पिनेचा कठीणपणा उतरलेला असू शकतो आणि उष्णतेच्या बारीक चिरा गेलेल्या असू शकतात. अशा क्रँकची चिरा शोधणारी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी आणि हार्डनेस चाचणी केल्याशिवाय ग्राइंडिंगचा विचारही करू नये. चीर असेल तर क्रँक गेला, त्यावर चर्चा नाही. चीर नसेल तर पिन ग्राइंड करून ०.२५, ०.५० किंवा फार तर ०.७५ मिमी अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढी बारीक, करायची, गॅरेजच्या भाषेत दहा, वीस, तीस. पण त्या मापाचे शेल तुमच्या इंजिनासाठी मिळतात का हे क्रँक मशीनवर चढवण्याआधी बघा. बऱ्याच नव्या इंजिनांना निर्माता अंडरसाइज शेल देतच नाही. शिवाय पिन कशी कठीण केली आहे तेही महत्त्वाचं. इंडक्शन हार्डनिंग काही मिलिमीटर खोल असतं, ग्राइंडिंगनंतरही टिकतं. नायट्रायडिंगचा थर मिलिमीटरचा काही दशांशच असतो, आणि ०.२५ अंडरसाइजला त्याचा चांगला भाग निघून जातो. अशा क्रँकला ग्राइंडिंगनंतर पुन्हा नायट्रायडिंग लागतं. पिनेच्या कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडरनं राखली पाहिजे. तिथं तीक्ष्ण कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तुटतो. शेवटी क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनवर डायल लावा आणि वाक बघा.

क्रँकच्या आतली छिद्रं हा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण जागेवर पॉलिश करण्याच्या सल्ल्याविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हाच आहे. पिनेपर्यंत जाणारी छिद्रं तिरकी असतात आणि अनेक क्रँकमध्ये त्यांची टोकं प्लगनं बंद केलेली असतात. धातूचा कचरा फिरत्या क्रँकमध्ये बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन या बंद टोकांत घट्ट बसतो. क्रँक जागेवर असताना हवा मारली तर तो कचरा एका मेनमधून दुसऱ्या मेनमध्ये जातो, एवढंच. क्रँक बाहेर काढून, प्लग काढून, ब्रशनं आणि सॉल्व्हंटनं छिद्रं धुतल्याशिवाय तो निघत नाही. नवे शेल टाकल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा तोच सिलिंडर ठोकू लागतो, यामागे बहुधा हाच कचरा असतो.

रॉड स्वस्तात सोडू नका. त्या सिलिंडरचा रॉड मोठ्या टोकाला निळा पडला असेल किंवा शेल आत फिरला असेल, तर तो बदलायचा. फक्त तापलेला वाटत नसेल तर कॅप टॉर्कला आवळून बोअर गेजनं गाळ्याची गोलाई मापा. जुन्या पद्धतीच्या रॉडचा गाळा कॅपचे सांधे थोडे घासून आणि पुन्हा होन करून मापात आणता येतो. मुद्दाम फोडून बनवलेल्या, म्हणजे फ्रॅक्चर स्प्लिट रॉडचे सांधे घासता येत नाहीत, घासले तर कॅप पुन्हा जुळत नाही. रॉडचे बोल्ट नवे घ्यायचे. ते ताणून आवळायच्या प्रकारचे असतील तर त्यात पर्याय नाही.

पिस्टन वर आदळला का, हे फार थोडे लोक तपासतात. लहान इंजिनात शेलची जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर असते, आणि पिस्टन व हेड यांच्यातली जागा अनेक इंजिनांत एक मिलिमीटरच्या आसपास असते. शेल पूर्ण गेला असेल तर पिस्टन हेडला लागण्याइतकी जागा सहज तयार होते. हेड काढण्याआधी त्या सिलिंडरमध्ये बोअरस्कोप घाला. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन निघून चकचकीत ठसा दिसला तर हेड काढावंच लागेल. व्हॉल्व्ह वाकलेत का, पिस्टनची पिन आणि तिचा बुश ढिले झालेत का, हेही मग बघायचं. पिस्टनच्या स्कर्टवर आणि बोअरच्या खालच्या भागात चरे आहेत का ते टॉर्च मारून क्रँककडूनच दिसतं.

आता तेलाच्या वाटेनं वर. पंप फिल्टरच्या आधी असतो, म्हणून चेंबरमधला धातू त्यानं चावलेला असणारच. पंपाचं झाकण उघडा. गिअर किंवा रोटरवर चरे दिसले तर पंप नवा. जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह मात्र आठवणीनं काढून बघा. त्यात एक कण अडकून तो अर्धवट उघडा राहिला, तर सगळं नवं बसवूनही दाब येत नाही आणि लोक पुन्हा बेअरिंगलाच दोष देत बसतात.

वर काय झालंय हे जाणून घ्यायला मी इंजिन उतरवण्याआधीच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक कॅप काढतो, अर्थात निर्मात्यानं दिलेल्या क्रमानं कॅप सैल करून. बहुतेक ओव्हरहेड कॅम इंजिनांत कॅम थेट अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये फिरतो, तिथं बदलता येणारे शेल नसतात. त्या पृष्ठभागावर ताजे चरे असतील तर धातू वरपर्यंत आला, आणि आता हेडचाही हिशोब धरायला हवा. इथं अनेकदा दुरुस्तीचा निर्णय उलटतो. खालचं काम परवडणारं असतं, हेडमुळे गणित बिघडतं. कॅम स्वच्छ असेल तर व्हेरिएबल टायमिंगच्या सोलेनॉइडची बारीक जाळी आणि चेन टेन्शनर बघा. त्या जाळीत चमकी अडकलेली दिसते, कारण तिची छिद्रं फार बारीक असतात.

टर्बो असेल तर त्याच्या शाफ्टची हालचाल बघा आणि तेलाची नळी आतून पाहा. टर्बोचं बेअरिंग तेलाच्या थरावरच तरंगतं आणि घाण त्याला अजिबात सोसत नाही. पिस्टनखाली तेल मारणारे जेट असतील तर ते काढून साफ करा. त्यांची तोंडं फार लहान असतात. ब्लॉकची गॅलरी प्लग काढून ब्रशनं धुवायची. मेन कॅप आवळून गाळ्यांची रांग सरळ आहे का, हे मेनचे शेल खराब निघाले असतील तरच तपासायची गरज असते. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल, तर हा सगळा मजकूर तुमच्यासाठी नाही.

या सगळ्यात कारणाचा शोध मागे पडू देऊ नका. तेलाची पातळी किती होती? तेलाला पेट्रोल किंवा डिझेलचा वास येतो का, ते पाण्यासारखं पातळ झालंय का? एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर साफ करण्यासाठी जास्तीचं इंधन टाकणाऱ्या डिझेल गाड्यांत तेलाची पातळी वाढलेली सापडते, आणि 'तेल कमी नव्हतं' म्हणून मालक निश्चिंत असतो. तेल दुधाळ असेल तर हेड गॅस्केट किंवा कूलर. शेलवरचे पुरावे आणि ही उत्तरं जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर अजून काहीतरी बघायचं राहिलंय.

आता पहिल्या मेकॅनिकचा सल्ला. क्रँक जागेवर ठेवून नवे शेल टाकणं मला एकाच स्थितीत मान्य आहे: ठोका येण्याआधी, केवळ फिल्टरमधल्या चमकीवरून किंवा तेलाच्या दाबावरून बिघाड सापडला, शेलचं आवरण घासलंय पण शेल फिरला नाही, आणि पिन मापात, गोल आणि रंग न बदललेली आहे. तुमच्या वर्णनात ठोका आहे, लाल दिवा आहे आणि शेल पार गेलाय. तिथं ते काम पैसे घालवणं आहे. दुसऱ्याचा सल्लाही आत्ता नको. फिल्टर कापा, कॅमची एक कॅप काढा, पिन मापा. फिल्टर जवळपास स्वच्छ, कॅम स्वच्छ आणि पिन ०.२५ ग्राइंडिंगमध्ये येणारी निघाली, तर इंजिन उतरवून बांधण्यासारखं आहे. कॅम, क्रँक आणि टर्बो तिन्ही खराब निघाले, तर वापरलेलं पण चांगलं इंजिन शोधणं सहसा शहाणपणाचं ठरतं.

तसं इंजिन घेतलंत तर बसवण्याआधी त्याचं चेंबर उतरवा, रॉडची एक कॅप उघडून शेल बघा आणि स्ट्रेनरचा ओ-रिंग नवा टाका. आणि जुन्या इंजिनावरचा ऑइल कूलर नव्यावर लावू नका. त्याच्या आतल्या अरुंद वाटांमधला धातू कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. टर्बोची तेलाची नळी आणि प्रेशर सेन्सरचा जोडही नवाच घ्या.